लघुलहरी रेडिओचे ग्रहण सुधारणे : सात मीटर तारेचा अँटेना

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.

१. छोट्या रेडिओच्या दांडीची, म्हणजे टेलिस्कोपिक अँटेनाची मर्यादा आकडेमोड करून सांगणे.
२. सिग्नलची ताकद आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर यांतला फरक स्पष्ट करणे.
३. वसतिगृहाच्या खोलीत किंवा सदनिकेत मावेल असा तारेचा अँटेना बांधणे व त्याची चाचणी घेणे.
४. ओव्हरलोड आणि इमेज हे दोष ओळखणे व टाळणे.

प्रस्तावना

३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्याला लघुलहरी किंवा शॉर्टवेव्ह म्हणतात. या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. वाटेत ना उपग्रह लागतो, ना केबल, ना मोबाइलचा मनोरा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर बीबीसीने त्या भागासाठी लघुलहरींवर इंग्रजी बातम्या पुन्हा सुरू केल्या, त्या याच कारणासाठी. इंटरनेट बंद पडले तरी सेलवर चालणारा रेडिओ चालू राहतो.

मात्र आज एखादा विद्यार्थी असा रेडिओ विकत घेऊन खोलीत लावतो, तेव्हा त्याला बहुधा फक्त खरखर ऐकू येते. त्यावरून तो ठरवतो की रेडिओ खराब आहे किंवा लघुलहरी केंद्रे आता उरलीच नाहीत. केंद्रे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत हे खरे आहे. आकाशवाणीनेही आपली लघुलहरी प्रक्षेपणे पुष्कळ कमी केली आहेत. तरीही रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटर पट्ट्यांवर आणि दिवसा १९ व १६ मीटर पट्ट्यांवर ऐकण्यासारखे बरेच काही असते. अडचण बहुतेक वेळा रेडिओच्या आत नसते. ती अँटेनात असते, आणि त्याहून जास्त खोलीत असते. ही अडचण नेमकी कोणती आणि शंभर-दोनशे रुपयांच्या तारेने ती किती सुटते, हे या पाठात पाहू.

तरंगलांबी आणि दांडीची लांबी

तरंगलांबी काढण्याचे सोपे सूत्र असे आहे :

तरंगलांबी (मीटर) = ३०० ÷ वारंवारता (मेगाहर्ट्झ)

६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० मीटर येते आणि ९.६ मेगाहर्ट्झला ३१.२५ मीटर. रेडिओची दांडी पूर्ण ओढली तरी साधारण ८० सेंटिमीटर असते. म्हणजे ६ मेगाहर्ट्झला ती तरंगलांबीच्या साठाव्या भागाएवढीही नसते. अशा आखूड अँटेनाला दोन बाजूंनी मार बसतो.

पहिले म्हणजे त्यात निर्माण होणारी व्होल्टता कमी असते. आखूड उभ्या अँटेनाची परिणामी उंची तिच्या लांबीच्या सुमारे निम्मी धरतात. क्षेत्रतीव्रता दर मीटरला १०० मायक्रोव्होल्ट असेल, तर ८० सेंटिमीटरच्या दांडीत १०० × ०.४ = ४० मायक्रोव्होल्ट तयार होतात.

दुसरे म्हणजे ही व्होल्टता पूर्णपणे रेडिओपर्यंत पोहोचत नाही. आखूड अँटेना एखाद्या लहान कपॅसिटरसारखा वागतो. दांडीचा कपॅसिटन्स सुमारे ८ पिकोफॅरड आणि रेडिओच्या इनपुटचा २० पिकोफॅरड धरला, तर दोघांचा मिळून व्होल्टता-विभाजक तयार होतो :

४० × ८ ÷ (८ + २०) = ११.४ मायक्रोव्होल्ट

आता दांडीच्या जागी ७ मीटर तार घ्या. परिणामी उंची ३.५ मीटर, तयार होणारी व्होल्टता ३५० मायक्रोव्होल्ट आणि तारेचा कपॅसिटन्स ढोबळमानाने ५० पिकोफॅरड.

३५० × ५० ÷ (५० + २०) = २५० मायक्रोव्होल्ट

लांबी पावणेनऊ पट झाली, पण इनपुटवरची व्होल्टता जवळजवळ २२ पट झाली. डेसिबेलमध्ये हा फरक सुमारे २७ आहे. म्हणूनच तार जोडताक्षणी रेडिओच्या सिग्नल मीटरवरच्या पट्ट्या एकदम वाढतात.

सात मीटरच का, असा प्रश्न येईल. १० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबी सुमारे साडेसात मीटर असते. त्यामुळे ७ मीटर तार ३१ मीटर पट्ट्याजवळ अनुनादाच्या बेताला येते आणि खालच्या ४१ व ४९ मीटर पट्ट्यांवरही अगदीच आखूड ठरत नाही. शिवाय ती खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत किंवा गच्चीच्या एका बाजूला सहज बसते.

सिग्नल वाढला, पण ऐकू येणे सुधारले का?

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पाहू. रेडिओ ऐकताना सिग्नल किती मोठा आहे याला फारसे महत्त्व नसते. तो खरखरीपेक्षा किती मोठा आहे याला महत्त्व असते. खरखर दोन ठिकाणांहून येते : रेडिओच्या आतल्या ट्रान्झिस्टरांपासून आणि बाहेरून अँटेनातर्फे. आतला नॉइज अँटेना बदलल्याने बदलत नाही. बाहेरचा नॉइज मात्र सिग्नलबरोबरच वाढतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, दांडीवर सिग्नल १० मायक्रोव्होल्ट, बाहेरचा नॉइज १ मायक्रोव्होल्ट आणि आतला नॉइज २ मायक्रोव्होल्ट आहे. दोन स्वतंत्र नॉइजांची बेरीज वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन करतात.

पहिली स्थिती, फक्त दांडी : एकूण नॉइज √(१ + ४) = २.२४. गुणोत्तर १० ÷ २.२४ = ४.५, म्हणजे १३ डेसिबेल.

दुसरी स्थिती, खोलीतच लांब तार, बाहेरून येणारे सगळे २० पट : सिग्नल २००, बाहेरचा नॉइज २०, आतला २. एकूण नॉइज √(४०० + ४) = २०.१. गुणोत्तर ९.९५, म्हणजे जवळजवळ २० डेसिबेल.

तिसरी स्थिती, तार आणखी वाढवून सगळे दुप्पट : सिग्नल ४००, बाहेरचा नॉइज ४०, आतला २. एकूण नॉइज ४०.०५. गुणोत्तर ९.९९. हेही २० डेसिबेलच.

चौथी स्थिती, दुसऱ्या स्थितीतलीच तार, पण खोलीबाहेर, जिथे नॉइज चौथा हिस्सा आहे : सिग्नल २००, बाहेरचा नॉइज ५, आतला २. एकूण नॉइज √(२५ + ४) = ५.३९. गुणोत्तर ३७, म्हणजे ३१ डेसिबेलहून अधिक.

या चार ओळी नीट वाचा. दुसऱ्या स्थितीत सिग्नल २६ डेसिबेलने वाढला, पण प्रत्यक्ष फायदा ७ डेसिबेलचाच झाला. तिसऱ्या स्थितीत तार वाढवण्याचे सगळे श्रम वाया गेले. चौथ्या स्थितीत तार तेवढीच राहिली, फक्त जागा बदलली आणि ११ डेसिबेल मिळाले. यातून निघणारा नियम असा : बाहेरचा नॉइज आतल्या नॉइजपेक्षा स्पष्टपणे मोठा झाला की तार वाढवणे थांबवावे आणि तार शांत जागी नेण्याच्या मागे लागावे.

वरचे आकडे उदाहरणापुरते असले तरी परिस्थिती काल्पनिक नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीतील सूत्रानुसार १० मेगाहर्ट्झला निवासी भागातला मानवनिर्मित नॉइज औष्णिक पातळीपेक्षा सुमारे ४५ डेसिबेल वर असतो, तर शांत ग्रामीण भागात तो सुमारे २५ डेसिबेल वर असतो. फरक २० डेसिबेलचा, म्हणजे शक्तीत शंभर पट. गावाकडे साध्या दांडीवर ऐकू येणारे केंद्र शहरातल्या खोलीत का हरवते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

खोलीतला नॉइज शोधणे

तार ताणण्याआधी अर्धा तास या कामाला द्यावा. रेडिओ सेलवर चालवा, अडॅप्टर काढून ठेवा. जिथे एकही केंद्र नाही अशी जागा ट्यून करा आणि रेडिओ हातात घेऊन खोलीभर फिरा. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि वाय-फाय राउटरचा अडॅप्टर यांच्याजवळ खरखर वाढते का ते पाहा. एकेक वस्तू बंद करून फरक वहीत लिहून ठेवा.

यातली बहुतेक उपकरणे स्विच-मोड पॉवर सप्लायवर चालतात. त्यातला ट्रान्झिस्टर दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याच्या तीव्र कडांमुळे निर्माण होणाऱ्या हार्मोनिक वारंवारता थेट लघुलहरींच्या पट्ट्यांत येतात. भिंतीतले वायरिंग हा त्यांचा मोठा अँटेना बनतो. म्हणून खोलीतली तार वायरिंगच्या पट्टीला समांतर ताणली, तर नॉइज ओढून घेण्याची उत्तम सोय होते. त्याच वेळी आरसीसीच्या भिंतींतल्या लोखंडी सळ्यांची जाळी बाहेरून येणारा सिग्नल अडवते. खोलीत दोन्हीकडून नुकसान होते ते असे.

अँटेना बांधणे

साहित्य : इन्सुलेशन असलेली मल्टिस्ट्रँड तांब्याची तार ७ मीटरचे दोन तुकडे (घरगुती वायरिंगची ०.७५ चौरस मिलिमीटरची तार चालते), दोन क्रोकोडाइल क्लिप, नायलॉनची दोरी आणि पीव्हीसी पाइपचे दोन छोटे तुकडे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बंगळुरूचा एसपी रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट यांसारख्या बाजारांत हे सारे मिळते. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळेल.

कृती :

१. पाइपच्या तुकड्याला दोन भोके पाडा. एका भोकात तार व दुसऱ्यात दोरी बांधा. हा झाला इन्सुलेटर.

२. तारेचे दूरचे टोक दोरीने झाडाला किंवा गच्चीच्या कठड्याला बांधा. तार तिरपी राहिली तरी चालते. आयनांबरातून आलेल्या लहरीचे ध्रुवीकरण सतत बदलत असते, त्यामुळे तार अगदी उभी किंवा अगदी आडवी असण्याचा आग्रह नको. झाड वाऱ्याने हलते, म्हणून दोरीत ढील ठेवा.

३. तार भिंतीपासून आणि खिडकीच्या लोखंडी गजांपासून शक्य तितकी दूर ठेवा. बांबू किंवा प्लास्टिक पाइप खिडकीबाहेर काढून त्यावरून तार नेता येते.

४. तारेच्या जवळच्या टोकाला क्लिप लावून ती दांडीच्या तळाशी पकडवा. दांडी मिटलेलीच ठेवा.

५. दुसरी ७ मीटर तार जमिनीवर किंवा बाल्कनीच्या कठड्याच्या कडेने पसरा आणि तिचे टोक रेडिओच्या ग्राउंडला, म्हणजे इअरफोन सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला किंवा अँटेना सॉकेटच्या ग्राउंडला जोडा. हिला काउंटरपॉइज म्हणतात. प्रत्येक अँटेनाला दुसरी बाजू लागते. आपण ती दिली नाही, तर रेडिओ ती अडॅप्टरच्या वायरमधून शोधतो आणि त्याबरोबर घरातला नॉइज आत घेतो.

भिंतीवरच्या प्लगच्या अर्थ पिनला रेडिओचे ग्राउंड कधीही जोडू नका. तिच्यावर नॉइज असतो, आणि चुकीच्या वायरिंगच्या इमारतीत जीवही जाऊ शकतो.

तार दूर असेल तर : ट्रान्सफॉर्मर आणि केबल

शांत जागा गच्चीवर आणि रेडिओ खोलीत, अशी स्थिती असेल तर मधले अंतर कोअ‍ॅक्सियल केबलने जोडावे. डिश टीव्हीची आरजी-६ केबल चालते. पण तार थेट केबलला जोडू नका. आरजी-६ केबलचा कपॅसिटन्स दर मीटरला सुमारे ५३ पिकोफॅरड असतो. ८ मीटर केबल दांडीच्या उच्च इम्पीडन्सच्या इनपुटला लावली, तर तारेच्या ५० पिकोफॅरडला समांतर सव्वाचारशे पिकोफॅरड येतात आणि सिग्नल एक दशांशाच्या आसपास उरतो.

यावर उपाय म्हणजे ९:१ ट्रान्सफॉर्मर. ४३ क्रमांकाच्या फेराइटची सुमारे १३ मिलिमीटर बाह्य व्यासाची रिंग घ्या. तिच्या एका बाजूला इनॅमलच्या तारेचे ९ वेढे आणि समोरच्या बाजूला ३ वेढे घाला. वेढ्यांचे गुणोत्तर ३:१, म्हणून इम्पीडन्सचे गुणोत्तर ९:१. नऊ वेढ्यांची दोन टोके अँटेनाच्या तारेला आणि काउंटरपॉइजला जोडा. तीन वेढ्यांची टोके केबलच्या मधल्या तारेला आणि जाळीला जोडा. केबलचे दुसरे टोक रेडिओच्या बाह्य अँटेना सॉकेटला जाते. अनेक संचांत हा सॉकेट ३.५ मिलिमीटरचा आणि कमी इम्पीडन्सचा असतो.

दोन वाइंडिंगमध्ये थेट जोड नाही हे लक्षात घ्या. केबलच्या जाळीवरून घरातून वर चढणारा नॉइज त्यामुळे तारेपर्यंत सहज पोहोचत नाही. नऊ वेढ्यांच्या वाइंडिंगचे काउंटरपॉइजकडचे टोक आणि केबलची जाळी यांमध्ये १ मेगोहमचा रेझिस्टर लावला, तर कोरड्या वाऱ्यात साठणारी स्थिर विद्युत हळूहळू निघून जाते.

जास्त झाले तर : ओव्हरलोड आणि इमेज

छोटे रेडिओ दांडीसाठी बनवलेले असतात. वीस पट सिग्नल मिळाल्यावर त्यांचा पहिला टप्पा गडबडतो. एकच केंद्र चार ठिकाणी ऐकू येते, किंवा दोन केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळतात.

यांतला एक दोष गणिताने ओळखता येतो. रेडिओची मध्यम वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असेल आणि लोकल ऑसिलेटर वर असेल, तर प्रबळ केंद्र आपल्या खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खालीही ऐकू येते. ९.६९० मेगाहर्ट्झवरचे केंद्र ८.७८० वर सापडले, तर ते नवे केंद्र नव्हे, ती इमेज आहे.

उपाय तीन. रेडिओवर डीएक्स-लोकल स्विच असेल तर तो लोकलवर ठेवा. नसेल तर क्लिप आणि तार यांमध्ये १० ते ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लावा. किंवा क्लिप न जोडता तारेचे इन्सुलेशनसह चार-पाच वेढे दांडीभोवती गुंडाळा. सिग्नल कमी करून ऐकणे सुधारते हे विद्यार्थ्यांना सुरुवातीला पटत नाही, पण वरच्या चार स्थिती आठवल्या तर त्यात नवल वाटणार नाही.

चाचणी कशी घ्यावी

लघुलहरींचा सिग्नल काही सेकंदांत चढतो-उतरतो. यालाच फेडिंग म्हणतात. म्हणून आज दांडी आणि उद्या तार अशी तुलना निरर्थक आहे. एकाच केंद्रावर दर दहा सेकंदांनी क्लिप लावा, काढा. असे किमान दहा वेळा करा आणि सरासरी घ्या. चाचणीसाठी मुद्दाम दुर्बल केंद्र निवडा, कारण प्रबळ केंद्र दोन्हींवर सारखेच ऐकू येईल. चीनमधील बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र १० मेगाहर्ट्झवर सेकंदाचे ठोके देते. ते ठोके खरखरीतून किती स्पष्ट मोजता येतात, हा चांगला निकष आहे.

मीटरच्या पट्ट्या लिहू नका. काय ऐकू आले ते लिहा. त्यासाठी सिन्पो ही पाच अंकी पद्धत वापरतात. ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, नॉइज, प्रसारणातली चढउतार आणि एकूण दर्जा या क्रमाने प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. ५ म्हणजे उत्तम.

सुरक्षितता

हा भाग परीक्षेसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

वीजवाहिनीच्या वर, खाली किंवा जवळून तार नेऊ नका. तार तुटून कोणत्या बाजूला पडेल याचा आधी विचार करा. दगड बांधलेली उघडी तार झाडावर फेकू नका. आधी कोरडी नायलॉनची दोरी टाका.

वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत गडगडाट ऐकू येण्याची वाट पाहू नका. आभाळ भरून आले की तार रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवा. वापर नसेल तेव्हा ती सोडवलेलीच असावी. गडगडाट सुरू झालाच असेल, तर तारेला हात लावायला जाऊ नका. जवळ कोसळणाऱ्या विजेपासून कोणताही रेझिस्टर किंवा फ्यूज वाचवत नाही.

सारांश

आखूड दांडीत व्होल्टता कमी तयार होते आणि त्यातलीही बरीच इनपुटवर वाटली जाते. सात मीटर तार हे दोन्ही तोटे भरून काढते. मात्र बाहेरचा नॉइज वरचढ झाल्यावर तार वाढवून काही मिळत नाही; मग जागा, काउंटरपॉइज आणि विलग वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर उपयोगी पडतात. सिग्नल नको इतका झाला, तर तो कमी करणे हाच उपाय आहे.

स्वाध्याय

१. ११.८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी किती? त्या वारंवारतेला ७ मीटर तार तरंगलांबीच्या किती भागाएवढी आहे?

२. सिग्नल ५०, बाहेरचा नॉइज १० आणि आतला नॉइज ३ मायक्रोव्होल्ट असताना सिग्नल-नॉइज गुणोत्तर डेसिबेलमध्ये काढा. तार दुप्पट केल्याने किती फायदा होईल? बाहेरचा नॉइज निम्मा केल्याने किती होईल?

३. मध्यम वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असलेल्या संचावर ६.३१० मेगाहर्ट्झवर एक प्रबळ केंद्र ऐकू येते. लोकल ऑसिलेटर वर आहे असे धरून ते खरे कोणत्या वारंवारतेवर असू शकेल? ही शंका प्रत्यक्ष कशी तपासाल?

४. आपल्या खोलीतील नॉइजच्या पाच उगमांची यादी करा. प्रत्येक उगम बंद असताना आणि चालू असताना एकाच दुर्बल केंद्राचे सिन्पो गुण नोंदवा. सर्वांत त्रासदायक उगम कोणता ठरला आणि का, ते कारणासह लिहा.